मैत्रीच्या कप्प्यातलं एक वाक्य

बाणेरच्या एका कंपनीत निकिता ध्यानाच्या अ‍ॅपवर काम करत होती. निरनिराळ्या परंपरांतल्या ध्यानांची वर्गवारी तिच्याकडे होती. नामजप, त्राटक एकाग्रतेत. विपश्यना, झेन साक्षीभावात. बौद्धांची मैत्रीभावना मैत्रीत. आणखी एक कप्पा झोपेचा. तो कुठल्याच परंपरेतला नव्हता, पण सर्वांत जास्त चालायचा.

मैत्रीभावनेसाठी तिने आईचाच आवाज घेतला. हिराबाई दर रविवारी धायरीच्या विहारात ती घेत. आधी स्वतःचं मंगल, मग आप्तांचं, मग अनोळखी माणसांचं, शेवटी वैऱ्याचं. रेकॉर्डिंगमध्ये वैऱ्यापाशी त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "ज्याच्या डंपरखाली माझे मालक गेले, त्याचंही मंगल होवो."

निकिताने हे त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ते वाक्य कापलं आणि रेकॉर्डिंग झोपेच्या कप्प्यात टाकलं.

पुढे एका रविवारी विहारात सुशीलाबाई म्हणाल्या, "हिराबाई, मोबाईलवर तुमचा आवाज लावला की काय झोप लागते हो!" घरी आल्यावर हिराबाईंनी लेकीला ते लावायला सांगितलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"शेवटचं कुठंय?"

"कापलं. लोकांची झोप उडाली असती."

हिराबाई कणीक मळायला बसल्या. निकिताला तिथून हलवेना.

"आई, खोटं बोलले मी. लोकांचं काही नाही. मलाच ऐकवलं नाही. बाबांना मारलं त्याने, आणि तू त्याचं चांगलं चिंततेस?"

"मग तेव्हाच म्हणायचंस. भांडलो असतो." हिराबाईंचे हात थांबले. "किती वर्षं जिभेवर येत नव्हतं गं ते. एकदाचं आलं, आणि तू पुसून टाकलंस."



सोमवारी तिने मूळ रेकॉर्डिंग शोधलं, वाक्य परत जोडलं आणि ते मैत्रीच्या कप्प्यात हलवलं. तिची टीमलीड अक्षता म्हणाली, "ऐकणारे निम्मे होतील."

"होऊ देत."

पुढच्या रविवारी ती आईबरोबर विहारात गेली. वैऱ्याची पाळी आली तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर बाबांची चेपलेली स्कूटर आली. ओठ हललेच नाहीत. बाहेर पडताना ती म्हणाली, "नाही जमलं मला."

"दिसलं मला," हिराबाई म्हणाल्या. "चल, रिक्षा बघ."

 रिक्षात हिराबाईंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.