सात जणांचा बाक

मित्रांनो, मी एका फोटो स्टुडिओतला जुना बाक आहे. मला घडवताना फोटोग्राफरकाकांनी सुताराला बजावलं होतं, "सात जण बसले पाहिजेत, मांडीवरची पोरं वेगळी!" सुतारानेही हात आखडता घेतला नाही, म्हणून मी असा ऐसपैस.

तेव्हा माझ्यावर बसणाऱ्या नवऱ्यामुली म्हणजे कोवळ्या पोरीच. त्यांचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. बघता बघता त्याच पोरी लेकुरवाळ्या होऊन यायच्या. एक मूल मांडीवर, एक पाठीशी, एखादं माझ्याखाली लपलेलं. काका ओरडायचे, "बाकीची पोरं कुठायत? बोलवा आत!" माझं कंबरडं मोडायचं, पण मजा यायची.

पुढे नवऱ्यामुली शिकूनसवरून, नोकरीला लागून येऊ लागल्या. मुलं दोनावर आली, मग एकावर. एकदा दूरदेशीचं जोडपं आलं. त्यांच्याकडे म्हणे नवराच सासरी नांदायला जातो! काका चाट पडले. मला काय, कोणी कुठेही नांदो. मी अर्धा रिकामा राहू लागलो, त्याचं आधी वाईट वाटलं, मग अंगवळणी पडलं.

परवा चाळिशी उलटलेली एक नवरी आली, सोबत नवरा आणि आई. आईने फोटोत बसावं एवढीच तिची इच्छा. पण आई दाराजवळच्या खुर्चीवरून हलेना. "तुमचा दोघांचाच काढा. मी कशाला मध्ये?"

नवरी हिरमुसली. आपण उशिरा लग्न केलं याची आईला लाज वाटते, असंच तिच्या मनाने घेतलं. तेवढ्यात काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बाकीची पोरं कुठायत? बोलवा आत!"

नवरीचा चेहरा खर्रकन उतरला. काकांनी जीभ चावली.

आई ताडकन उठली. "बाकी कुणी नाही. मी आहे," म्हणत ती दोघांच्या मधोमध येऊन बसली आणि लेकीला म्हणाली, "अगं वेडे, सतराव्या वर्षी मला इथेच आणून बसवलं होतं. रडून डोळे सुजलेले. आज तू हसत आत आलीस, ते बघून पुन्हा डोळे भरून आले, म्हणून लांब बसले होते."

नवरीने तिला घट्ट मिठी मारली. काकांनी तोच फोटो काढला.

मित्रांनो, माझा एक पाय आता डुगडुगतो, तेवढा खिळा मारा. मी अर्धा रिकामा दिसलो, तर बाकीचे कुठे म्हणून विचारू नका. आणि मला कापून लहानही करू नका. कुणाची आई कधी उठून मध्ये येऊन बसेल, सांगता येत नाही.