मधली जागा

“नवीला मधी घ्या गो! कडेला टाकू नका, कावरीबावरी व्हईल!”

आईचा हा आवाज साईराजने लहानपणी बांधावर बसून ऐकलेला. खांब गावच्या शेतात भातलावणीची ओळ धरायची, तर दोन्ही टोकांना जाणत्या बाया आणि गावात नवी आलेली सून मधोमध. आई ओरडायची, बाया हसायच्या, नवी लाजायची, आणि समोर हिरवी ओळ सरळ उमटत जायची. पुढे त्याच्या मनात तो आवाज चिखलातल्या पावलासारखा बुजून गेला.

आता साईराज पेणला खोली करून राहतो, डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर जातो. शिफ्टला निघताना घरी टॅबवरचा खेळ चालू ठेवतो. पाच लढवय्ये निवडायचे, एका ओळीत उभे करायचे, ‘ऑटो’ दाबायचं. पुढे ते आपले आपण लढतात. सगळी अक्कल निवडण्यात आणि उभं करण्यात.

त्याने कच्ची वैदीण मारापासून लांब म्हणून कडेला ठेवली होती. शत्रूचे घोडेस्वार वळसा घालून येत आणि आधी तिलाच पाडत. पथक रोज हरे.

एका संध्याकाळी बघतो, तर पथक जिंकलेलं. वैदीण मधोमध, ढालवाले दोन्ही टोकांना.

“टॅबला कोणी हात लावला?”

“धूळ पुसली मी,” त्याची बायको मनाली म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

त्याने ओळ पुन्हा होती तशी केली. दुसऱ्या दिवशी परत बदललेली. खेळाचा पासवर्ड आणखी एकालाच ठाऊक होता, रोह्याच्या आदर्शला. कॉलेजपासूनचा जिवाचा दोस्त, आणि येत्या रविवारी त्याच्याच पथकाशी सामना. आपल्याला गाफील करतोय काय? साईराजने पासवर्ड बदलला, मनालीच्या समोरच.

ओळ तरीही बदलली.

“आदर्शभाऊजी यायचे नाय काय इकडं?” मनालीने सहज विचारलं. त्याने ताट बाजूला सारलं. नवा पासवर्ड हिनेच तर नाही ना सांगितला त्याला? आणि आणखी काय काय बोलतात दोघं? दोस्त आणि बायको, दोन्ही एकदमच हातून निसटल्यासारखे वाटले.

सुट्टीला त्याने गाडी थेट रोह्याला घातली. आदर्शने टॅब हातात घेतला आणि शीळ घातली.

“कोणी मांडलंय रे हे? वैदीण फक्त शेजारच्याला बरं करते. कडेला तिला एकच शेजार होता, आता दोन. आणि टोकं भक्कम!”

“नाटक पुरे. तूच केलंयस.”

“मला सुचलं असतं तर माझी वैदीण कशाला मेली असती?” त्याने आपलं पथक पुढे धरलं. तीही कडेलाच होती.

“मग मनालीने तुला पासवर्ड—”

आदर्शचं हसू मावळलं. “वहिनीचं नाव घेतलंस? मास्तरांचा पोरगा म्हणून कॉलेजात चिडवायचास, ते सोसलं. हे नाही सोसणार. चहा पी आणि नीघ.”

चहा तसाच राहिला. कोलाडवरून परतताना खांबच्या वळणावर शेतात बाया वाकलेल्या दिसल्या. दोन्ही टोकांना पिकल्या केसांच्या, मध्ये एक बुजरी, हातातली रोपं सांभाळत मागे सरकणारी. साईराजने गाडी बाजूला घेतली. आईचा आवाज कानात भरून आला. आदर्शने जन्मात चिखलात पाय घातला नव्हता. गेल्या साली लग्न होऊन आली, तेव्हा त्या ओळीत मध्ये उभी होती ती मनाली.

घरी ती टॅबसमोर गुडघे जवळ घेऊन बसली होती. लढाई चालली होती.

“वैदीण मधी तू घेतलीस?”

तिने मान डोलावली.

“मग सांगितलं का नाय? मी किती काय काय मनात आणलं.”

“हात कोणी लावला, येवढंच इचारलंत. का लावला, ते कुठं इचारलंत?” ती पडद्याकडे बघतच म्हणाली, “कडेला एकटी मरायची ती. रोज. बघवना मला.”

“खेळ हाय गो तो.”

“व्हय. पण आईंनी मला मधी घेतलेलं. दोन्ही बाजूनं बायांची कोपरं लागायची, चेष्टा चालायची.” तिने टॅब उपडा घातला. “हितं तुमी दार लोटून जाता, मंग माझ्या दोन्ही बाजूला कोण नाय. मला लावणीला खांबला जायचंय.”