इकडच्या इकडे

दुपारचे सव्वातीन वाजले होते आणि किल्लीकाकांचा फोन मेला होता. मेला म्हणजे दिवा लागत होता, पण लेकीला लावायला जावं तर एक बाई गोड आवाजात सांगायची, तुमची सेवा तात्पुरती बंद आहे. चार वाजता लेक शहरात क्रेनच्या परवान्याची तोंडी परीक्षा देणार होती, आणि त्याआधी एकदा उजळणी घ्यायचं काकांनी कबूल केलं होतं. फोन गेला नाही तर पोरगी घाबरून येतंय तेही विसरणार, हे बापाला पक्कं ठाऊक होतं. मागच्या खेपेला तसंच झालं होतं, आणि तिसरी खेप देत नाहीत.

घासायला घेतलेली किल्ली पकडीत तशीच सोडून काकांनी घराचं दार ओढून घेतलं आणि नदीकाठच्या फोनच्या दुकानाकडे धूम ठोकली. निम्म्या गावाच्या किल्ल्या बनवणाऱ्या माणसाची स्वतःची किल्ली आत राहिली होती. तेही अर्ध्या वाटेत कळलं. मरू दे, म्हणाले.

दुकानातल्या मुलीनं संगणकात पाहिलं आणि भुवया वर केल्या.

"काका, परदेशात होता का तुम्ही?"

"मी? अगं, नदी ओलांडली नाही कधी!"

"इथं तर दिसतंय, सत्तेचाळीस संध्याकाळी तुम्ही परदेशातून बोललात. रोज तास-तास. मर्यादा ओलांडली म्हणून फोन बंद पडला."

"लेकीशी बोललो! तिच्या पुस्तकातले प्रश्न विचारायचो रोज. इकडच्या इकडे!"

"बोलता कुठं बसून?"

"खिडकीत. तिथं रेंजच्या पाचही काड्या येतात," काका अभिमानानं म्हणाले.

मुलीनं कपाळावर हात मारला. "त्या काड्या पलीकडच्या देशाच्या आहेत, काका! नदीपलीकडचा टॉवर तुमच्या खिडकीसमोर. तुम्ही खुर्चीत इकडे, फोन तिकडे."

काकांनी बिलाचा आकडा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि मुकाट्यानं पैसे भरले. भांडायला उभा जन्म पडला होता, परीक्षेला पंचवीस मिनिटं होती. मुलीनं फोन फक्त इकडच्या टॉवरवर लावून दिला. "पण काठावर इकडची रेंज नाही. नदीकडे पाठ करा आणि चढ चढत सुटा!"

काका सुटले. गुडघे कुरकुरत होते, त्यांना त्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. टपाल कचेरीपाशी एक काडी आली, चौकात दोन. लावला!

"बाबा! कुठं होता तुम्ही? मला काहीच आठवत नाहीये!"

"परदेशात होतो, सत्तेचाळीस दिवस. मागाहून सांगतो. आता प्रश्न घे!"

आणि तेव्हा कुठं काकांना आठवलं. पुस्तक घरी, आणि घर बंद. पण तोंड उघडलं तर प्रश्न आपसूक आला. "वारा वाढला तर?"

"आधी ओझं खाली, मग मी खाली."

"दोर कधी बाद करायचा?" एकामागून एक, पानामागून पान. बोट ठेवून एकेक ओळ वाचणारा हा माणूस सत्तेचाळीस संध्याकाळी अख्खं पुस्तक पाठ करून बसला होता, आणि त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता.

"बाबा, ते थांबण्याचे इशारे! त्यातच घोळ होतो माझा."

काकांनी फोनचा आवाज मोठा करून तो खिशात टाकला. "एक हात आडवा हलवला, थांबा. दोन्ही हात हलवले, ताबडतोब थांबा! हे बघ, असे!" बघणार कोण? पण भर चौकात त्यांनी दोन्ही हात असे काही हलवले, की समोरून येणारी दुधाची गाडी करकचून ब्रेक लावून नाकासमोर थांबली.

"काय झालं?" गाडीवाला ओरडला.

"थांबली! पोरी, खरोखरची गाडी थांबली!"

पलीकडे लेक खदखदून हसली. तिची भीती त्या हसण्याबरोबरच गेली, हे काकांना ऐकूनच कळलं. "आता नाही विसरत. नाव पुकारलं, जाते!"

काका त्या जागेवरून तसूभर हलले नाहीत. हललो आणि काडी गेली तर? पूर्ण गोष्ट ऐकून गाडीवाल्यानंही गाडी बाजूला लावली. दूध नासेल, म्हणाला, पण निकाल ऐकल्याशिवाय जायचा नाही.

पाच वाजून गेले आणि फोन वाजला.

"बाबा, पास! पहिल्या नंबरानं पास!"

काकांनी फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला. गाडीवालाच फोनशी वाकून ओरडला, "शाब्बास, ताई!"

"कोण आहे ते? बाबा, ऐका ना. परीक्षक विचारत होते, इतकी तयारी कुठं केलीस? मी ताठ मानेनं सांगितलं, आमचे सर परदेशातून शिकवायचे."

चौथीत शाळा सोडलेले सर चौकातल्या दगडावर मटकन बसले आणि लोकांदेखत रडले.