सहाव्या खाटेचा पत्ता

"बघा, येतोय का सहा नंबर?" वायरकाकांनी टेबलाखालून विचारलं.

"आला," सिस्टर म्हणाल्या.

वायरकाका गुडघे धरत बाहेर आले. हातात नव्या प्रिंटरची उपटलेली वायर होती. वॉर्डाच्या काउंटरवरच्या स्क्रीनवर आठ चौकोन, प्रत्येक खाटेवरच्या पेशंटचे ठोके आणि श्वास दाखवणारा एक. काल दुपारपासून काळा पडलेला सहावा चौकोन उजळला होता. त्यात आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा होत्या, कारण खाटेवर आता कोणी नव्हतं.

त्यांनी वायर परत लावली. मिनिटभरात चौकोन विझला. काढली, तसा पुन्हा उजळला. तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती, तरी त्यांनी बघितलं.

हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायच्या बावीस वर्षांत त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. खरं तर नावाने कुणी हाकही मारली नव्हती. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांचे ते वायरकाका. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला आपला एक पत्ता असतो आणि एकच पत्ता दोघांना दिला की दोघंही गोंधळतात, हे त्यांनी कितीतरी नवख्यांना शिकवलं होतं. काल सकाळी प्रिंटर लावताना मात्र पत्त्यांची यादी खालच्या मजल्यावर राहिली होती आणि जिना चढून-उतरून गुडघे बोलत होते. त्यांनी अंदाजाने एक पत्ता घेतला, त्यावर कोणी आहे का हे कॉम्प्युटरवरून विचारलं. उत्तर आलं नाही. म्हणजे मोकळा, असं धरून तो प्रिंटरला देऊन टाकला.

मोकळा नव्हता. सहाव्या खाटेचं यंत्र तेव्हा साफसफाईसाठी बंद होतं, आणि बंद यंत्र उत्तर कुठून देणार?

दुपारी तिथे एक म्हातारे गृहस्थ आले, यंत्र सुरू झालं, पण काउंटरवरच्या स्क्रीनवर दिसलंच नाही. दोन दिवस नजरेखाली ठेवू, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांचा श्वास अडकला तेव्हा सिस्टर दोन नंबरच्या पेशंटला धरून होत्या. सहाव्या खाटेच्या खोलीचं दार बंद, आतला गजर आतच वाजत राहिला. सिस्टर पोचल्या तोवर ते गेले होते.

तेवढ्यात हॉस्पिटलचे साहेब आले आणि दारातूनच म्हणाले, "सापडलं काही? यंत्रणेत दोष नाही, एवढं लिहून द्या. सिस्टरांचं आम्ही बघतो."

"बघतो साहेब," वायरकाका म्हणाले. साहेब गेले.

आठ महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. एवढं लिहून दिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांना भीती वाटत होती आणि त्या भीतीची लाजही.

"सिस्टर," ते म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं, यादीचं, गुडघ्यांचंसुद्धा. सिस्टर खुर्चीत बसल्या.

"कालपासून घसा फोडून सांगतेय, स्क्रीनवर सहा नंबर नव्हताच. घरी नवरासुद्धा म्हणाला, नीट आठव." त्यांनी प्रिंटरकडे मान वळवली. "आणि प्रिंटर मीच मागितला होता. तुमच्या मागे लागून."

"तुम्ही प्रिंटर मागितलात. पत्ता मी दिला."

ते खाली गेले, यादी घेऊन वर आले. प्रत्येक ओळीवर बोट ठेवत एक खरोखरचा मोकळा पत्ता शोधला आणि प्रिंटरला दिला. स्क्रीनवर आठही चौकोन शाबूत राहिले. मग आपली चूक कबूल करणारं अर्धं पान दोन बोटांनी टाइप केलं. त्याच प्रिंटरमधून कागद बाहेर आला.

सिस्टरांनी तो दोनदा वाचला. "एक साहेबांना. एक माझ्याकडे राहू दे." दाराकडे बघत त्या म्हणाल्या, "आणि अजून एक काढा काका. सहा नंबरच्या आजोबांची मुलगी बाहेर बसलीये."

वायरकाकांनी तिसरी प्रत काढली.

बाहेर बाकावर ती बसली होती. मांडीवर वडिलांच्या कपड्यांची पिशवी, वर त्यांचा चष्मा.

"बाबांना न्यायचे कागद तयार झाले का?" तिने विचारलं.

"हो. पण हा वेगळा आहे," म्हणत ते तिच्या शेजारी टेकले. कागद नुसता हातात देऊन उठून जावं, हे त्यांच्या जिवावर आलं. "मीच वाचून दाखवतो."

पहिल्या ओळीत वायरकाकांचं स्वतःचं पूर्ण नाव होतं. तिथपासून त्यांनी वाचायला सुरुवात केली.