कुरोइवासाहेबांचा टोप

आमचे शाखाप्रमुख कुरोइवासाहेब केसांचा टोप लावतात, हे शाखेत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे याला शिष्टाचार म्हणतात.

नुमाताला यंदा उपप्रमुख व्हायचं होतं. साहेब हसले की हसायचं आणि ते थांबल्याशिवाय थांबायचं नाही, एवढ्या भांडवलावर गडी इथवर आला होता. कंपनीच्या सहलीत, समुद्रकाठच्या करमणूक बागेत, साहेब पोलादी रोलर कोस्टरकडे बघत, आपलं वय झालं आता, असं पुटपुटले. लगेच नुमाताने त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं; तुम्ही तर आमच्याहून तरुण, वगैरे. साहेब चढले. मग आम्हीही.

बसलो अर्थातच हुद्द्याप्रमाणे. पुढे साहेब एकटे. मागे नुमाता आणि भित्रा हिवातारी, त्याचे डोळे आधीच मिटलेले. त्यांच्यामागे हिशेबखात्याची मी. तिथली कामावरची मुलगी आमच्या मांडीवर अडकवलेल्या एकेका दांड्यावर बोट रोखून "ठीक" म्हणत आली आणि गोड आवाजात म्हणाली, टोप्या, चष्मे, केसांचे टोप कृपया काढून ठेवावेत. आम्ही सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं.

"आमच्यात तसलं कोणी नाही, बाई," नुमाता म्हणाला. विचारलं होतं कोणी त्याला?

पहिल्याच उतारावर टोप उडाला आणि थेट नुमाताच्या तोंडावर बसला.

खाली उतरलो तेव्हा साहेबांचं डोकं उन्हात चकाकत होतं आणि आमच्यातल्या प्रत्येकाची बुटाची नाडी सुटली होती. शहाण्याने ती वस्तू बाकावर ठेवून काढता पाय घेतला असता. नुमाताने कमरेत वाकून, दोन्ही हातांनी, व्हिजिटिंग कार्ड द्यावं तशी पुढे केली.

"साहेब, आपला."

साहेबांनी त्या वस्तूकडे मेलेल्या उंदराकडे बघावं तसं पाहिलं. "माझा कसा असेल, नुमाता? त्या मुलीकडे जमा करा."

मुलीने जमा करून घेतला. कुठे सापडला म्हणून विचारलं, तर नुमाता म्हणाला, "वाटेत."

सोमवारी साहेब दाट, काळेभोर केस घेऊन आले. आज हवा छान आहे, असं आम्ही म्हणालो.

उपप्रमुख हिवातारी झाला. काय पाहावं नि काय पाहू नये, याचा या माणसाला पोच आहे, असं साहेब त्याच्याबद्दल भर सभेत म्हणाले. बिचाऱ्याने चढल्यापासून उतरेपर्यंत डोळे उघडले नव्हते.

टाळ्या सगळ्यात जोरात नुमाताने वाजवल्या, आणि साहेब थांबेपर्यंत थांबला नाही.