विहिणीसाठी बिनमाशाचं जेवण

मृणालीची होणारी सासू, निकेतची आई विनिताबाई, रविवारी पहिल्यांदाच घरी जेवायला येणार होती, आणि ती मासे खात नव्हती. अंडंसुद्धा नाही. नीराबाई तेव्हा बोंबील साफ करत होती. हातातला बोंबील हातातच राहिला.

"मंग जगते कशावर?"

"भाज्यांवर, आई. आणि नीट कर हां. पहिल्या खेपेला उपाशी उठल्या, तर पुन्हा आपल्या उंबऱ्यात पाऊल टाकायच्या नाहीत."

नीराबाईच्या लग्नात असला घोर नव्हता. विहीण आली की सुरमई कापायची. तुकडा केवढा पडला यावरून मान किती ठेवला ते कळायचं. एका शेपटीच्या तुकड्यावरून तिच्या सासूनं आतेसासूशी मरेपर्यंत अबोला धरला होता. पण दुधीचा केवढा तुकडा वाढला म्हणजे मान राहतो, हे कुणाला विचारायचं?

भाज्या तिला येत नव्हत्या असं नाही. वांग्यात सुकट, दुधीत सोडे, भेंडीत जवळा, सुक्या मासळीवाचून एकही नाही. सोमवारी तेवढं वरणभात नि पापड. आता विहिणीला काय सोमवार वाढायचा?

नीराबाई बाजारात मासळी विकायची, तिच्या शेजारी केसर बसायची. तिला विचारलं.

"शिराळं कर," केसर म्हणाली. "कांदा परत, शिराळं टाक, वाफ काढ, नि उतरवताना मूठभर जवळा."

"अगो, ती खात न्हाय!"

"मंग अर्धी मूठ टाक."

मृणालीनं फोनवर पनीर करून दाखवणारी बाई लावून दिली. दिसायला घोळ माशाच्या तुकड्यासारखं, आणि काटा नाही. त्याला चव कुठून येणार, असं म्हणून नीराबाईनं फोन परत दिला.

शेवटी शेजारच्या येसूबाईनं वालाचं बिरडं सुचवलं. "सोडे न टाकतापण करतात म्हनं लोकं," ती म्हणाली, पण तिचा स्वतःचाच विश्वास दिसत नव्हता.

आपल्या हाताचा भरवसा नाही म्हणून नीराबाईनं सुक्या मासळीचे सगळे डबे शनिवारीच येसूबाईकडे नेऊन ठेवले. रविवारी बिरडं शिजत आलं. येसूबाईला चव बघायला बसवून ती लुगडं बदलायला गेली. परत आली तर घरभर घमघमाट. झकास जमलंय की, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिनं धावत जाऊन झाकण काढलं.

"येसू! काय टाकलंस?"

"चार सोडे. निस्तं पानी लागत होतं गो. तुझी लाज राखली मी."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. मृणाली विनिताबाईंना एसटी स्टँडवरून घेऊन आली होती.

"वेचून काढ," येसूबाई कुजबुजली. "तिला काय कळतंय!"

नीराबाईनं पळी उचलली, दोन सोडे काढले, आणि पळी खाली ठेवली.

"न्हाय. न सांगता तिच्या तोंडात घालू? विहीण हाय ती माझी."

ती तशीच बाहेर गेली. विनिताबाई अजून चपला काढत होत्या. नीराबाईनं पाणीसुद्धा न देता सगळं सांगून टाकलं. मृणालीनं डोळे मिटून घेतले. येसूबाई मागल्या दारानं पसार झाली.

विनिताबाईंनी दुसरी चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बेसन आहे का घरात?"

बेसन होतं. भांडं मात्र मिळेना. कढईत बांगडा तळलेला, टोपात कोळंबीभात झालेला, पातेल्यांत पिढ्यान् पिढ्या कालवण. मासा न शिवलेलं एकच निघालं, चहाचं पातेलं. विनिताबाईंनी पदर खोचला.

"चहाच्या पातेल्यात पिठलं! निकेतला सांगितलं तर खोटं वाटेल त्याला. भाकऱ्या कुणी थापल्यात ह्या?"

"मी."

"तांदळाच्या? एवढ्या पातळ? मग जेवण झालंच की हो, नीराताई. बसा."

वाढायला म्हणून नीराबाई उठू लागली, तर विनिताबाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि तिच्या ताटात आधी पिठलं वाढलं. या चुलीपुढे तिला आजवर कुणी बसवून वाढलं नव्हतं. सासूनं नाही, नवऱ्यानं तर नाहीच. विनिताबाईंनी स्वतः तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि जाताना दोन बांधून मागितल्या.

रिक्षा वळली तशी कुंपणावरून येसूबाईचं डोकं वर आलं.

"जेवली का गो?"

"जेवली. मीपन जेवले." नीराबाई थोडी थांबली. "बसून जेवले, येसू. गरम गरम."