दुसऱ्याची मान

कराडच्या दवाखान्यात काम करणाऱ्या प्रियदर्शनीचा पहिला फोन आला तेव्हा चंदना मगदूम सांगलीच्या एका कॉलेजात चाळीस कॉम्प्युटरांच्या जंजाळात गुडघे टेकून बसली होती. ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलेली, आणि निम्मी मशीन बंद.

"ताई, एक्स-रेच्या खोलीतला लॅपटॉप झोपेतून उठला की मोठ्या स्क्रीनवर आधीच्या पेशंटचंच चित्र राहतंय. वरच्या पट्टीत नुसत्या रेघा. मिनिटभरानं येतंय जाग्यावर."

"वायर काढून परत लाव," चंदना म्हणाली.

वायर काढून लावली, चित्र जाग्यावर आलं. पुढच्या आठवड्यात तीच तक्रार दोनदा मेसेजवर आली. चंदनाने तेच उत्तर दिलं आणि खाली लिहिलं, पुढच्या फेरीत बघते. कराडच्या त्या छोट्या दवाखान्याची देखभाल चार वर्षं तिच्याकडे होती. तक्रार आली की दोन दिवसांत जायचं, असं करारात होतं. पण सांगलीहून कराडला जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, तोही एका स्क्रीनसाठी. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता तीन आठवडे गेले.

मग दवाखान्याच्या डॉक्टर विश्वजीतांचा स्वतःचा फोन आला. एरवी ते प्रियदर्शनीलाच फोन करायला लावत.

"मॅडम, उद्या सकाळी या. नक्की या."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ती कराडला उतरली. डॉक्टर एक्स-रेच्या खोलीतच उभे होते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"हा स्क्रीन बदला. जुना तुम्ही घेऊन जा."

"बदलायचं मागाहून बघू," चंदना म्हणाली. "आधी दुखणं कुठं आहे ते कळू दे."

डॉक्टर बाहेर गेले.

तिने एका हाताचा एक्स-रे मोठ्या स्क्रीनवर लावला आणि लॅपटॉप झोपवला. उठवला, यादीतून एका गुडघ्याचा एक्स-रे उघडला. मोठ्या स्क्रीनवर हातच राहिला. पेशंटचं नाव जिथे दिसतं त्या पट्टीत हिरव्या रेघा थरथरत होत्या. सत्तर सेकंद. मग रेघा गेल्या आणि हाताच्या जागी गुडघा आला.

नवी वायर लावली, तेच. केसपेपरच्या टेबलावरचा स्क्रीन आणून जोडला, तेच. म्हणजे स्क्रीन बिचारा निर्दोष होता. लॅपटॉपमधला जो प्रोग्रॅम चित्र बाहेर पाठवतो तो महिन्यापूर्वी आपोआप नवा झाला होता, आणि तेव्हापासून झोपेतून उठताना अडखळत होता. तिने जुना प्रोग्रॅम परत घातला, लॅपटॉपचं आपोआप झोपणंच बंद करून टाकलं. मुद्दाम दहा वेळा झोपवून उठवून पाहिलं. दहाही वेळा चित्र बरोबर. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

पाणी प्यायला ती बाहेर आली. बाकावर साठीची एक बाई बसली होती, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून. चंदना दवाखान्यातलीच असेल असं तिला वाटलं.

"आवं ताई, आमच्या मालकांचा मानेचा फोटो मिळंल का? मिरजेच्या डॉक्टरनं मागितलाय. कोंडीबा नाव हाय."

"काय झालंय त्यांना?"

"गोठ्याच्या पत्र्यावरनं पडलं. हितं आलं तवा चालत आलं, माझ्या म्होरं. डॉक्टरनं फोटो बघितला, मान शाबूत हाय म्हणालं, गळ्याचा पट्टा काढून घरला पाठवलं. तिसऱ्या दिशी आंघोळीला वाकलं आनि हात-पाय गेलं बगा. आता मानेखाली काय बी हलत न्हाई."

"कितव्या तारखेला आला होता तुम्ही?"

त्या बाईंनी, साळूबाई त्यांचं नाव, पिशवीतून केसपेपर काढून दिला. चौदा तारीख. एक्स-रे तपासला, अकरा त्रेपन्न.

चंदना खोलीत परतली आणि दार लावून घेतलं. कॉम्प्युटर आपल्या जागण्या-झोपण्याची रोजनिशी स्वतःच ठेवत असतो. तिने चौदा तारीख काढली. अकरा बावन्नला लॅपटॉप उठला होता. त्याच मिनिटाला चित्राचा प्रोग्रॅम अडकला. अकरा चोपन्नला सुटला. आधीचा पेशंट बघितला, कॉलेजातली एक मुलगी, गाडीवरून पडलेली. तिची मान धडधाकट होती. मग तिने कोंडीबाचा एक्स-रे उघडला. चंदनाला हाडांतलं काही कळत नव्हतं, पण मानेच्या मणक्यातली ती चीर कुणालाही दिसली असती.



डॉक्टर आत आले. स्क्रीनवर काय उघडलंय ते पाहून खुर्चीत बसले.

"नाव वाचायला पाहिजे होतं मी," ते म्हणाले. "पट्टीत रेघा होत्या. लॅपटॉपवर त्यांचंच नाव होतं, म्हणून पुढं गेलो. बाहेर अठरा माणसं थांबली होती."

चंदनाने देखभालीचा रिपोर्ट पुढे ओढला.

"रिपोर्टवर नेहमीची देखभाल एवढंच लिहा. तक्रारी तुमच्याकडे आल्या होत्या, मॅडम. हे बाहेर गेलं तर माझ्या एकट्याचं नाव जाणार नाही."

त्यांच्या बोलण्यात दम भरणं नव्हतं, आणि ते खोटंही नव्हतं. म्हणूनच चंदनाच्या हातून ते लिहून झालं. नेहमीची देखभाल. खाली सही, तारीख. ती बाहेर पडली तेव्हा साळूबाईंना मानेचा फोटो मिळाला होता. त्या तो उजेडाला धरून उलटसुलट पाहत होत्या.

घरी आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. नवरा सुकुमार म्हणाला, "तू काय त्यांना पत्र्यावरनं ढकललं नाहीस." खरंच होतं ते, पण त्याने काहीच हलकं झालं नाही. नवव्या दिवशी तिने दुसरा रिपोर्ट लिहिला. त्या दिवशी उतरवून आणलेली रोजनिशीची पानं जोडली, प्रियदर्शनीचे मेसेज जोडले, त्याखालची आपली उत्तरंही जोडली, आणि मिरजेचं हॉस्पिटल गाठलं.

कोंडीबा पलंगावर सरळ निजवलेला होता. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. छाती अजून भरदार, हात मात्र चादरीवर कुणी ठेवून दिल्यासारखे. चंदनाने सगळं सांगितलं. साळूबाई मध्येच उठून खिडकीशी गेल्या.

"म्हंजे तुमास्नी आधी ठाव व्हतं," कोंडीबा म्हणाला.

"बिघाड ठाऊक होता. असं होईल हे मनात आलं नाही."

"किती येळ लागला दुरुस्तीला?"

"वीस मिनिटं."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "कागद हिच्याजवळ द्या. आनि जावा आता."

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी त्याच्या छातीत कफ साठला आणि तो गेला.

कागदांवरून चौकशी लागली. एक्स-रेच्या खोलीला कुलूप पडलं. तक्रार माहीत असून वरच्यांना कळवली नाही असा ठपका ठेवून दवाखान्याने सगळ्यात आधी प्रियदर्शनीला काढलं. तिने फोन केला, ओरडली नाही, रडलीही नाही.

"ताई, माझे मेसेज जोडायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी होतं."

चंदनाला ते सुचलंच नव्हतं. खरं सांगायच्या घाईत आपण आणखी एका माणसाला पुढे केलं, हे तिला त्या क्षणी कळलं. तिने माफी मागितली. पलीकडून फोन ठेवला गेला. कॉलेजाचं कामही पुढच्या महिन्यात सुटलं. कारण कुणी दिलं नाही, तिने विचारलं नाही.

साताऱ्याच्या कोर्टात तारखा पडतात. चंदना प्रत्येक तारखेला जाते, तेच सगळं पुन्हा सांगते, वकील तेच पुन्हा विचारतात. साळूबाईही येतात. त्या तिच्याकडे बघत नाहीत, तोंडही फिरवत नाहीत. मागच्या वेळी काम लवकर उरकलं. फाटकाशी त्यांनी विचारलं, "कऱ्हाडची गाडी कुठं लागती?"

चंदनाने स्टँडचा रस्ता सांगितला. साळूबाईंनी ऐकून घेतलं आणि पिशवी काखेत मारून त्या चालू लागल्या.